हत्तीपाशी, मंगळवारी

वीज कार्यालयातल्या तक्रारींच्या खिडकीमागे बसणाऱ्या बाईंना लोक नोंदबाई म्हणायचे. कारण साधं होतं. कोणी मीटर जळाला म्हणून बोंबलत येवो, कोणी बिल चुरगळून अंगावर फेको, बाईंचं उत्तर ठरलेलं: "नोंद केली आहे. कळवू." कोण कळवणार आणि केव्हा कळवणार, हे विचारायची सोय नव्हती. शेजारच्या टेबलावरचा कारकून म्हणायचा, बाई, तुम्ही गेंड्याचं कातडं पांघरूनच खिडकी उघडता. बाईंना ते कौतुक वाटायचं.

पण माणूस म्हणजे काही मोरी नव्हे, की वरून ओतलं आणि खालून वाहून गेलं. दिवसभर लोकांच्या शिव्या, घरी सासूबाईंचे टोमणे, नवऱ्याचा घुमेपणा, हे सगळं कुठेतरी साचायचंच. ते ओतून टाकायची बाईंची एक जागा होती आणि ती जगात आणखी एकाच बाईला ठाऊक होती. ती बाई म्हणजे त्यांची धाकटी जाऊ. घरात एक थोरली आणि एक धाकटी. आपणही त्यांना तसंच म्हणू, म्हणजे घोटाळा नको.

जावाजावांचं कधी पटत नाही म्हणतात. यांचं पटायचं, आणि तीच चोरी होती. दोघी एकत्र हसलेल्या सासूबाईंना खपायच्या नाहीत. स्वयंपाकघरातून जरा खुसखुस ऐकू आली, की म्हातारी दारात खुर्ची टाकून बसायची आणि विचारायची, "काय शिजतंय?" फोन होता तोही तिच्या उशाशी. तेव्हा या दोघींनी एक युक्ती काढली. शाळा उघडल्यानंतरचा पहिला मंगळवार ठरवून टाकला. सुट्ट्या संपलेल्या, पोरं वर्गात कोंबलेली, त्यामुळे गावाबाहेरच्या पाळण्यांच्या बागेत त्या दिवशी शुकशुकाट. थोरलीच्या ऑफिसात त्या दिवशी न चुकता तपासणी असायची आणि धाकटीच्या आईचा गुडघा न चुकता दुखायचा. वेगवेगळ्या वेळी घर सोडायचं, वेगवेगळ्या बसने जायचं आणि हत्तीपाशी भेटायचं. आदल्या दिवशी आठवण करायची नाही, 'येतेस ना' म्हणून विचारायचं नाही, परतल्यावर चकार शब्द काढायचा नाही. एकदा ठरलं ते ठरलं. पुढे हातोहाती मोबाइल आले, तरी याबाबतीत त्यांनी कधी एकमेकींना फोन केला नाही. धाकटी दिवस भरत आलेली असतानासुद्धा हत्तीच्या पायाला टेकून, पोटावर पर्स ठेवून बसलेली सापडली होती. तेव्हा थोरलीच घाबरली होती, की ही इथेच बाळंत होते की काय.

हत्ती सिमेंटचा होता. बागेच्या दारातून आत शिरलं की समोरच उभा. सोंडेतून पाणी उडतं असं पाटीवर लिहिलेलं, पण उडालेलं कोणी पाहिलं नव्हतं. एक सुळा अर्धा तुटलेला. पोटाखाली मात्र झकास सावली आणि बसायला कट्टा. जी आधी येईल तिने तिथे बसायचं. दुसरी आली की दोघींनी तडक आकाशपाळणा गाठायचा.

आणि खरी मजा तिथे होती. पाळणा माथ्यावर पोचून थांबला, की एकीने ओरडायचं, पुढच्या फेरीला दुसरीने. वर्षभर गिळलेलं काय असेल ते, घसा फाडून. थोरली तिच्या साहेबाला आभाळातून सांगायची, "मेल्या, तुझी नोंद केली आहे!" धाकटी बिचारी भित्री, दोन्ही हातांनी दांडी घट्ट धरून, डोळे मिटून सासूबाईंच्या नावाने किंचाळायची, "आई, मीठ बरोबर होतं!" एकदा तिने हे सलग तीन फेऱ्यांना ओरडून घेतलं होतं. खाली उतरेपर्यंत घसे बसलेले असायचे आणि घरी सर्दीचं निमित्त सांगावं लागायचं.

मग सासूबाई गेल्या. आता खरं तर दोघी मोकळ्या. चोरून भेटायचं कारण उरलं नाही, तर भेटच उरली नाही. भाऊभाऊ भांडले. घर पाडून नवं बांधायचं की तसंच विकून मोकळं व्हायचं, यावरून एकमेकांच्या अंगावर धावून जाईपर्यंत पाळी आली. शेवटी घर विकलं गेलं आणि दोन बिऱ्हाडं पाठीला पाठ लावलेल्या दोन गल्ल्यांत गेली. त्या भांडणात या दोघी आपापल्या नवऱ्यामागे गप्प उभ्या होत्या. धाकटीने एकदा थोरलीकडे पाहिलं होतं. थोरली तेव्हा चादरीची घडी घालत होती, ती घालतच राहिली. बस, एवढंच. जावांचं आपसात भांडण झालंच नाही, आणि हीच तर पंचाईत होती. झालं असतं तर मिटवता आलं असतं. आता भाजीवाल्याकडे दोघी समोरासमोर आल्या, की एक टोमॅटो निरखायची आणि दुसरी आकाशात बघायची.

गेल्या वर्षी तो मंगळवार आला तेव्हा थोरली सकाळी चप्पल घालून दाराशी उभी राहिली आणि ऑफिसात गेली. नवऱ्याची बाजू घेऊन उभी राहिलेली बाई कशाला येईल, असा तिचा हिशेब. आपण गेलो आणि ती आली नाही, तर हत्तीखाली एकटीने बसून शोभा करून घ्यायची. त्या दिवशी तिने खिडकीवर एका म्हाताऱ्याला असं काही झापलं, की कारकुनाने पाण्याचा पेला आणून पुढे ठेवला. त्यानंतरचं सगळं वर्ष तसंच गेलं, किरकिर करत आणि दातओठ खात.

यंदा मात्र तिने ठरवलं, जायचं. बोलायची तिला हिंमत नव्हती आणि बोलायचं तरी काय, हेही सुचत नव्हतं. पण हत्तीपाशी बोलावं लागत नाही. धाकटी तिथे बसलेली दिसली, की सगळं जागच्या जागी आलंच. आणि नाही दिसली, तर हे नातं संपलं असं समजायचं आणि टोमॅटो निरखत म्हातारं व्हायचं. एवढी मोठी गोष्ट तिने एका सिमेंटच्या जनावरावर सोडली होती.

बस नेहमीच्या थांब्यावर थांबली आणि थोरली उतरली, तर समोर दारच नाही. पत्रे ठोकलेले. वर पाटी: प्रवेश दुसऱ्या बाजूने. दुसरी बाजू म्हणजे सबंध भिंतीला वळसा, उन्हातून, आणि पायात नेमकी नवी चप्पल. तिथे पोचली तर दाराऐवजी विमानतळासारखी काचेची इमारत उभी. तिकिटाची खिडकी विचारली, तर गणवेशातला पोरगा म्हणाला, "मॅम, खिडकी बंद झाली. तिकीट फोनवरून."

"माणूस समोर उभा आहे ना तुझ्या? मग फोनवरून कशाला?"

"सिस्टिम आहे, मॅम."

सिस्टिम! हा शब्द ती स्वतः रोज वापरायची आणि समोरच्याचं तोंड त्याने कसं बंद होतं ते तिला पक्कं ठाऊक होतं. तिने निमूट फोन काढला. फोनने नाव मागितलं, वय मागितलं, आवडीनिवडी मागितल्या, मग विचारलं, सोबत किती जण? तिने एक लिहिलं. फोन तर दोघांपासून पुढेच मोजत होता. शेवटी त्या पोराने तिच्या हातातून फोन घेऊन काहीतरी केलं आणि विचारलं, "एकट्याच?"

"एकटीच."

"बाकीचे मागून येतायत?"

"तुला काय करायचंय?" थोरली म्हणाली. तो बिचारा हसला. तिच्या मनगटात त्याने हॉस्पिटलात घालतात तसला पट्टा अडकवला, पर्समधली पाण्याची बाटली काढून घेतली आणि आत तीच बाटली विकत मिळेल असं सांगितलं. ती आत गेली.

आत काय होतं म्हणता? सगळं होतं, फक्त बाग नव्हती. झाडं गेली होती आणि झाडांची चित्रं आली होती. आरशांच्या खोलीच्या जागी टोप्यांचं दुकान. जिथे म्हातारा मक्याची कणसं भाजायचा तिथे मशीन, त्यात पट्टा दाखवायचा म्हणजे कागदाच्या वाटीत दाणे पडतात. खांबाखांबावर कर्णे, आणि त्यांतून एक बाई अखंड सांगतेय की आपण किती मजेत आहोत. थोरलीने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दारच हलल्यामुळे तिची दिशाच गेली होती. पूर्वी आत शिरलं की समोर हत्ती, उजवीकडे पाळणा, डावीकडे होड्या. आता समोर नकाशा. नकाशावर तिने हत्ती शोधला. ससा होता, डायनासोर होता, अंतराळवीर होता. हत्ती नव्हता.

झाडलोट करणाऱ्या मुलीला तिने विचारलं. ती म्हणाली, मी नवीन आहे. पाण्याच्या घसरगुंडीवरच्या पोराला विचारलं. तोही नवीन. फुगेवाल्याला विचारलं. तो जरा वयाने मोठा वाटला म्हणून आशा धरली, तर तो म्हणाला, "हत्तीचा फुगा संपला, ताई. वाघ देऊ?"

आता डोकं फिरायची वेळ आली होती. इतका मोठा हत्ती, शेळीसारखा कोणी पळवून थोडाच नेईल? आणि समजा पळवला, तर धाकटी आली असेल ती कुठे बसली असेल? ती तर भित्री. दार शोधतानाच रडकुंडीला आली असेल. की आली, पाहिलं आणि परत गेली? थोरलीला वाटलं, वरून पाहावं. पाळण्यावरून सगळं दिसतं. निदान जागा तरी सापडेल.

पाळणा होता, पण काय होता! उघड्या टोपल्या जाऊन काचेच्या बंद खोल्या आलेल्या, आत थंड वारा. रांगेत तिला बाजूला काढलं. "मॅम, सिंगल रायडर तिकडून." सिंगल रायडर म्हणजे एकटा जीव. त्यांची वेगळी रांग, आणि त्या रांगेत ती एकटीच. कुठल्यातरी खोलीत जागा उरली की तिथे तिला कोंबायची. तिला एका नव्या जोडप्याबरोबर बसवलं. नवरी तिच्याकडे बघून इतकं नाराज हसली की थोरलीलाच ओशाळल्यासारखं झालं. ती खिडकीकडे तोंड करून बसली.

वर जाता जाता तिने खाली नजर टाकली. पत्रे ठोकलेलं जुनं दार दिसलं. त्याच्या आत गाड्या उभ्या करायची फरसबंद जागा. आणि फरसबंदी जिथे संपते तिथे एक गोल कट्टा, त्यावर रंगीत चौकट उभी केलेली आणि चौकटीत उभं राहून लोक फोटो काढतायत. तोच कट्टा. हत्ती उचलला आणि बैठक तेवढी ठेवली. भोवताली कोणी बसलेलं नव्हतं.

खोली माथ्यावर थांबली. थोरलीच्या घशाशी जे आलं ते वर्षादोन वर्षांचं होतं. तिने श्वास घेतला, आणि छतातला कर्णा गोड आवाजात म्हणाला, "इकडे बघा आणि हसा!" समोरच्या कॅमेऱ्याचा दिवा लागला. नवराबायको एकमेकांना चिकटून हसली. थोरलीच्या तोंडून काही निघालं नाही. बंद काचेत, परक्यांच्या मांडीला मांडी लावून माणूस काय कपाळ ओरडणार? श्वास तिने गिळला.

खाली उतरून ती तडक चौकशीच्या टेबलाशी गेली. तिथे कानाला यंत्र लावलेली एक टवटवीत मुलगी बसली होती.

"नमस्कार मॅम, आपली अडचण सांगा."

"हत्ती कुठे गेला?"

"कोणता हत्ती, मॅम?"

"सिमेंटचा. दारात होता. लोक तिथे थांबायचे. हरवलं माणूस तर तिथे सापडायचं. इतक्या लोकांच्या भेटी तिथे ठरलेल्या, आणि तुम्ही कोणाला न विचारता तो उचलला?"

मुलीच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. बोटं मात्र चालली. "मी नोंद करून घेते, मॅम. आमची टीम आपल्याला कळवेल."

थोरलीने टेबलाची कड धरली. "कोण कळवणार? केव्हा?"

मुलगी हसली. हे हसू थोरलीला ओळखीचं होतं. पुढचा माणूस बोलावायच्या आधी हसतात ते. आपल्या खिडकीपलीकडे उभ्या राहणाऱ्यांना काय काय वाटत असेल, हे तिला त्या क्षणी फार जवळून कळलं आणि अजिबात आवडलं नाही. ती वळणार तेवढ्यात मुलगी आवाज खाली आणून म्हणाली, "खरं सांगू का? सकाळपासून हत्ती विचारणाऱ्या तुम्ही दुसऱ्या. मघाशी अशाच एक काकू येऊन गेल्या. अगदी रडवेल्या झाल्या होत्या. मी त्यांना लहान मुलांच्या भागात पाठवलं. तिथे एक हत्ती आहे."

"एकट्या होत्या?"

"एकट्याच होत्या."

थोरली धावत सुटली म्हटलं तर खोटं होईल. नव्या चपलेत धावता येत नव्हतं. पण जेवढं भरभर चालता येईल तेवढी ती चालली. वाटेत दोन पोरांना तिचा धक्का लागला, एकाच्या हातातलं आइसक्रीम पडलं, तिने मागे वळून पाहिलं नाही. आली! आली होती! रडवेली झाली म्हणजे तीच. आता गेल्या गेल्या आधी तिला चांगली झापायची, की डोळे आहेत की बटणं, रडायला काय झालं? मग मक्याचे दाणे घ्यायचे. मग बघू पुढचं.

लहान मुलांच्या भागात गुलाबी रंगाचा, गॉगल घातलेला, रबरी कानांचा हत्ती पाण्यात उभा होता. त्याच्यासमोर एक बाई पाठमोरी उभी. तोच अंबाडा, तशीच एका पायावर भार टाकून उभं राहायची तऱ्हा, खांद्याला पर्स. थोरलीने जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अगं, किती शोधायचं माणसाने?"

बाई वळली. परकी होती.

"काय हो?" ती म्हणाली.

थोरलीने हात काढून घेतला. "माफ करा. मला वाटलं आमची जाऊ."

"मला वाटलं माझी सून," ती बाई म्हणाली आणि तिला बोलायला कोणीतरी हवंच होतं. "सूनबाईंना सांगितलं, मी जरा बसते, तुम्ही फिरा, हत्तीपाशी भेटू. आता हा कुठला हत्ती आणि तो कुठला हत्ती! सगळी बाग पालथी घातली. पाय गेले माझे. तुमच्या जाऊबाई पण हत्तीपाशीच का?"

"हो."

"मग फोन करा की. माझा फोन नातवाने खेळायला घेतलाय, नाहीतर मी कशाला अशी वणवण फिरले असते? तुमचा तर हातात आहे."

थोरलीने हातातल्या फोनकडे पाहिलं. फोन करा की! जगातली सगळ्यात सोपी गोष्ट त्या बाईने सांगितली होती आणि थोरलीला तिचा असा संताप आला, की उत्तर न देताच ती बाजूच्या बाकावर जाऊन बसली. उन्हाने डोकं तापलेलं, पायाला फोड आलेला, पाण्याची बाटली दारात काढून घेतलेली. तिला रडू आलं आणि रडू आलं म्हणून आणखी राग आला. त्याच रागात तिने नंबर लावला. शांत डोक्याने लावायचा म्हटलं असतं तर तो जन्मात लागला नसता.

दोन वेळा वाजल्यावर आवाज आला. "हं."

"मी बोलतेय."

"नाव दिसतं फोनवर."

"कुठे आहेस?"

"घरी. भाजी निवडतेय."

कर्ण्यातली बाई मजेत होती. "आज मंगळवार आहे," थोरली म्हणाली.

"ठाऊक आहे."

"ठाऊक आहे तर आली का नाहीस?" तिच्याही नकळत तो खिडकीतला आवाज निघाला. "मी इथे सकाळपासून वेड्यासारखी फिरतेय. दार बदललं, हत्ती काढला, कोणाला काही विचारायची सोय नाही, आणि तू घरी भाजी निवडतेस?"

पलीकडे भाजीचं ताट बाजूला सरकवल्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, "मी गेल्या वर्षी आले होते, जाऊबाई."

थोरलीने फोन दुसऱ्या कानाला लावला. "काय म्हणालीस?"

"आले होते. दार उघडायच्या आधीच. हत्ती होता तेव्हा, पण भोवती पत्रे लावायचं काम काढलं होतं. कामगारांनी मला दोनदा उठवलं. मी म्हटलं, दादा, माझ्या जाऊबाई यायच्यात, मी उठले तर त्यांना दुसरीकडे कुठे सापडणार नाही. त्या आल्या की उठते. ते बिचारे माझ्या बाजूचे पत्रे तेवढे सोडून बाकीचे लावत बसले. बाग बंद व्हायची वेळ झाली तेव्हा म्हणाले, आता तरी उठा."

त्याच वेळी थोरली त्या म्हाताऱ्याला खिडकीवरून झापत होती. "फोन करायचास की गं," ती कशीबशी म्हणाली.

"आपलं फोन करायचं ठरलं होतं?"

"नाही. पण..."

"पण काय? मी पाठच्या गल्लीत राहते. वर्षभर वाट पाहिली. म्हटलं आज बोलतील, उद्या बोलतील, निदान 'आले नाही गं' एवढं तरी म्हणतील. तुम्ही भाजीवाल्याकडे मान वर करत नाही."

"मला वाटलं तू येणार नाहीस."

"तुम्हाला वाटलं." धाकटीचा आवाज आता थोडा चढला. पाळण्यावरचं सोडलं तर कुठेच चढला नव्हता तेवढा. "आणि त्यांच्या भांडणात मी तुमच्याकडे पाहिलं तेव्हा काय वाटलं? चादरीला सुरकुती पडेल असं वाटलं?"

हे मात्र लागलं. थोरली बाकावर पुढे वाकून बसली, फोनवर हात आडवा धरून, आणि म्हणाली, "पाहिलं होतं मी. तू बघितलंस ते मी पाहिलं होतं. मुद्दाम वर बघितलं नाही."

"ठाऊक आहे मला," धाकटी म्हणाली.

रबरी हत्तीने सोंडेतून पाणी उडवलं, पोरं ओरडली. ओरडा थांबेपर्यंत दोघी थांबल्या.

"आत्ता येतेस?" थोरलीने विचारलं.

"आत्ता कशी येऊ? हे जेवायला यायचेत."

"मग त्यानंतर?"

"बघते."

"बघते म्हणजे?"

"बघते म्हणजे बघते. मला सांगता येणार नाही. अजून राग आहे माझा, जाऊबाई. तो काही फोनवर जायचा नाही." मग ती म्हणाली, "तुम्ही आहात ना तिथे? मग बसा. मी सबंध दिवस बसले होते, तुम्ही उरलेला तरी बसा. कोणी येईल की नाही ठाऊक नसताना एकटं बसून बघा जरा."

फोन बंद झाला.

थोरली उठली. पाय दुखत होता म्हणून चपला काढून हातात घेतल्या आणि तापलेल्या फरशीवरून, टाचा उचलत, फरसबंदीच्या कडेला असलेल्या त्या गोल कट्ट्यापाशी आली. रंगीत चौकटीपुढे फोटोसाठी रांग होती. ती कट्ट्याच्या एका कडेला बसली. तिथून नवं दार लांबून का होईना, दिसत होतं.

थोड्याच वेळात गणवेशातला एक जण आला. "मॅम, इथे बसता येत नाही. ही फोटोची जागा आहे. बसायची सोय तिकडे आहे."

"मी इथेच बसणार."

"कोणी यायचंय का?"

"माहीत नाही."

"म्हणजे? वाट बघताय ना कोणाची तरी?"

"हो."

"मग येतील ना ते?"

"अरे, माहीत नाही म्हटलं ना," थोरली म्हणाली. आवाज चढवायला गेली, पण तो चढला नाही, फाटला. "मी उठले तर तिला सापडणार नाही. काय करायचंय ते कर."

त्याने खिशातल्या यंत्रात कोणाशी तरी बोलून पाहिलं, पलीकडून काही खरखर आली, आणि तो निघून गेला. थोरलीने पाय आखडून घेतले, म्हणजे रांगेतल्यांना अडचण नको. एका बापाने तिला जरा सरकायला सांगितलं. ती सरकली नाही. त्याने तिच्यासकट फोटो काढला, त्याच्यामागच्यांनीही काढला आणि त्यांच्यामागच्यांनीही. त्या दिवशी बागेत आलेल्या कितीतरी घरांच्या फोटोंत हसणाऱ्या पोराबाळांच्या कडेला एक अनवाणी, घामाघूम बाई बसलेली आहे. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत आणि ती दाराकडे.